वाजवणारे कोण होते?

द्वितीय वर्ष, कला शाखा

लग्नाच्या पंगतीला वाजंत्री शेवटी बसतात, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. वाजंत्र्यांशिवाय वरात निघत नाही, पालखी उठत नाही, मिरवणुकीला शोभा येत नाही. तरीही लग्नपत्रिकेवर छापलेल्या चाळीस-पन्नास नावांत त्यांचे नाव कधी सापडायचे नाही. गाणाऱ्याला आपण बुवा म्हणतो, पंडित म्हणतो. वाजवणारा मात्र जन्मभर ‘बँडवाला’च राहतो. सतार, सरोद, बासरी वाजवणाऱ्या थोरांना मान मिळाला हे मला मान्य आहे. पण ते मैफलीच्या मधोमध बसतात. जो मागे बसतो आणि दुसऱ्याचे गाणे उभे करतो, त्याच्याविषयी मला येथे बोलायचे आहे.

या सवयीचा मोठा फटका बसला तो मुंबईच्या जॅझ वादकांना, आणि त्यांतही गोव्याहून आलेल्या वादकांना. ‘जॅझ’ हा शब्द वाचून काही वाचक पान उलटण्याच्या बेतात असतील. त्यांना माझी विनंती आहे की, थोडे थांबावे. आपण जॅझ कधी ऐकले नाही असे तुम्हाला वाटत असेल. पण ज्याने जुनी हिंदी चित्रपटगीते ऐकली आहेत, त्याने या वादकांना शेकडो वेळा ऐकलेले आहे. फक्त त्यांची नावे त्याला कोणी सांगितलेली नाहीत.

जॅझ म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये हे संगीत आकाराला आले. ज्यांचे आजे-पणजे गुलाम म्हणून विकले गेले होते, त्यांच्या नातवंडांचे हे संगीत. धून ठरलेली असते, पण तिच्याभोवती वादक त्या क्षणी सुचेल तसे वाजवत जातो. आपल्या गायकीत जिला उपज म्हणतात, तिच्याशी याचे जवळचे नाते आहे. फरक इतकाच की, आपल्याकडे सुरामागून सूर येतो, तर जॅझमध्ये अनेक सूर एकाच वेळी एकमेकांना धरून उभे राहतात.

हे संगीत मुंबईत आले ते अपोलो बंदरच्या ताजमहाल हॉटेलात. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादकाचा ताफा तेथे वाजवू लागला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. स्वतःच्या देशात यांच्यासारख्या वादकांना अनेक हॉटेलांत वाजवण्यापुरता प्रवेश असे, पाहुणा म्हणून उतरायला मात्र बंदी. वेदरफर्ड तर परत गेलेच नाहीत. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्यांचा अंत झाला. या लोकांच्या संगतीत आपल्याकडचे वादक तयार झाले. त्यांत पारशी होते. कावसजी खटाव हे मुंबईचे पारशी गृहस्थ ‘रूडी कॉटन’ या नावाने सॅक्सोफोन वाजवीत. पण संख्येने सर्वांत जास्त होते ते गोवेकर.

गोवेकरच का? याचे उत्तर गोव्यातल्या खेड्यापाड्यांत आहे. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांमधून लहान मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवले जाई. प्रार्थनेच्या वेळी गायला-वाजवायला माणसे हवी असत, म्हणून ही सोय. त्यामुळे घरात दोन वेळच्या पेजेची भ्रांत असली, तरी पोराला नोटेशन वाचता येई. गावात मात्र पोट भरण्याजोगा उद्योग नव्हता. मग ही मुले वाद्य घेऊन मुंबईला येत आणि धोबीतलाव, माझगाव भागातल्या ‘कुडां’त राहत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेले बिऱ्हाड. ट्रंक ठेवायला जागा आणि रात्री अंग टाकायला सतरंजी, एवढाच तिथला संसार. संध्याकाळी हेच तरुण इस्त्रीचा कोट चढवून श्रीमंतांच्या हॉटेलात वाजवायला जात. मिकी कोरिया यांचा ताफा १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता.

या मंडळींतले एक नाव तरी प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे मला वाटते. ते म्हणजे चिक चॉकलेट. खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातले हळदोणे, जन्म १९१६. ट्रम्पेट वाजवण्यात हातखंडा. लुई आर्मस्ट्राँग हे त्यांचे दैवत. त्यांच्यासारखाच घोगरा आवाज काढून ते गात आणि हातात रुमाल धरीत. लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आता मराठी वाचकाला यात काय, असे कोणी विचारील. तर ऐका. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांचे साहाय्यक म्हणून चिक चॉकलेट काम करीत होते. १९५१ साली आलेला ‘अलबेला’ हा भगवानदादांचा चित्रपट आजही घरोघरी माहीत आहे. गिरणीकामगाराचा मुलगा भगवान, पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ, असे तिघे एकत्र आले आणि अख्खा देश नाचला. चिक यांचा ताफा झालरीचे सदरे घालून त्या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. भगवानदादांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, सी. रामचंद्रांचे ठाऊक आहे. तिसरे नाव कोठे गेले? त्याच वर्षी ‘नादान’ चित्रपटाला चिक यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले होते. त्यातले तलत महमूद यांनी गायलेले गाणे जुन्या पिढीला पाठ आहे. ते रचणारा मात्र तिच्याही स्मरणात नाही. १९६७ साली, वयाची साठीही न गाठता, ते गेले.

हॉटेलांतले वादक चित्रपटांत का आले, त्यालाही कारणे आहेत. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गिऱ्हाईक गेले. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि क्लबांच्या धंद्याला उतरती कळा लागली. नेमक्या त्याच सुमारास हिंदी चित्रपटसंगीत मोठ्या वाद्यवृंदाकडे वळत होते. संगीतकार पेटीवर चाल बांधत, पण वीस-तीस व्हायोलिनांनी काय वाजवायचे, ट्रम्पेट कोठे घुसवायचा, कडव्यांच्या मधल्या जागा कशा भरायच्या, हे कागदावर लिहून काढणारा माणूस लागे. हे काम करणाऱ्याला अरेंजर म्हणतात. ज्यांना नोटेशन लिहिता-वाचता येत होते ते गोवेकर वादक तेथे आयतेच उपलब्ध होते.

सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतले एक. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात ताफा चालवीत; फाळणीनंतर मुंबईला आले. पुढे सुमारे दोन दशके शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा वाद्यमेळ त्यांनी बांधला. त्या गाण्यांच्या सुरुवातीला व्हायोलिनांची जी लाट उठते आणि अंगावर काटा आणते, ती कागदावर उतरवणारा हात सेबॅस्टियन यांचा होता. श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले ते साहाय्यक म्हणून, तेही प्रेक्षक अंधारात आपली खुर्ची शोधत असताना!

कुडचड्याचे फ्रँक फर्नांड यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ते ट्रम्पेट वाजवीत. १९४६ साली मसुरीला असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली, आणि परक्या वाद्यावर आपल्या मातीचे सूर वाजवायचे, हा ध्यास तेव्हापासून आपल्याला लागला, असे ते सांगत. हॉटेलात वाजवणारा, कोट-टाय घालणारा माणूस, पण स्वदेशीचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला. पुढे अनेक नामवंत संगीतकारांचे साहाय्यक म्हणून काम करून त्यांनी पैसा जोडला आणि तो ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोकणी चित्रपटांत घातला. आपल्या भाषेसाठी पदरचे पैसे घालणाऱ्या माणसाला परका म्हणायचे कोणत्या तोंडाने?

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस जॅझचे नव्हेत, व्हायोलिनचे. पण त्यांचे उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद उभा करून राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घातली. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. या शिष्याने १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचे नाव एका गाण्यात गुंफले. देशभर ते नाव झाले. पण लोकांना वाटले, ते एका विनोदी पात्राचे नाव आहे! गुरुदक्षिणा शिष्याने प्रामाणिकपणे दिली. आपण श्रोत्यांनी तिचे हसे केले. गोन्साल्विस २०१२ साली वारले.

आणखी नावे घ्यायची तर ब्राझ गोन्साल्विस आहेत, ज्यांनी सॅक्सोफोनवर रागदारीचे सूर जॅझच्या अंगाने बांधले. मडगावचे ख्रिस पेरी आहेत. चर्चगेटजवळच्या ॲस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’मध्ये त्यांचा ताफा रंगत असे. लॉर्ना या तरुण गायिकेला त्यांनी पुढे आणले आणि दोघांनी मिळून कोकणी गाण्याला जॅझचा बाज दिला. लॉर्ना पुढे वीसेक वर्षे गाण्यापासून दूर राहिल्या आणि १९९५ साली पुन्हा रंगमंचावर आल्या. त्या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेल्या ‘नाचोंया कुंपासार’ या कोकणी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इंग्रजीत नरेश फर्नांडिस यांनी या साऱ्या काळाचा शोध घेणारे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक लिहिले. म्हणजे कोकणीने आपल्या माणसांची आठवण ठेवली, इंग्रजीने ठेवली. मग प्रश्न उरतो तो आपला. आमच्या ग्रंथालयातली संगीताची दोन्ही कपाटे मी चाळली. गायकांची चरित्रे आहेत, संगीतकारांच्या आठवणी आहेत, गीतकारांवर तर फळीभर पुस्तके आहेत. या वादकांवर एकही नाही.

हा विषय मी का घेतला, हेही सांगायला हवे. माझे वडील तालुक्याच्या गावी एका बँड पथकात ट्रम्पेट वाजवतात. लग्नसराईचे तीन-चार महिने वाजवणे, उरलेले वर्ष मिळेल ती मजुरी. ते चौथी शिकले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. वडिलांना नोटेशन येत नाही. जुन्या गाण्यांचे सगळे ‘पीस’ त्यांनी कानाने उचलले. आधी रेडिओवरून, मग कॅसेट घासून घासून. एकदा मी त्यांना विचारले, “आबा, हा पीस मूळचा कुणी वाजवला?” ते म्हणाले, “कोण जाणं बाई. मुंबईचा कुणीतरी असंल, रेकॉर्डवाला. पण फुंक लई साफ हाय त्याची.” एका वादकाने दुसऱ्याला दिलेली याहून मोठी पावती मला ठाऊक नाही. पण ती कोणाला पोचवायची? एकलव्याला निदान द्रोणाचार्यांचा पुतळा तरी करता आला, कारण गुरूचे नाव त्याला माहीत होते. आबांना तेवढेही साधले नाही. गावोगावच्या बँड पथकांतले हजारो वादक अशा गुरूंचे शिष्य आहेत, ज्यांचे नाव त्यांच्यापर्यंत कोणी पोचूच दिले नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप असा की, या लोकांना कामाचे पैसे मिळाले, मग तक्रार कसली? पैसे मिळाले हे खरे. एकेका ध्वनिमुद्रणाची ठरावीक बिदागी घ्यायची आणि घरी जायचे, असा तो व्यवहार होता. तबकडी पुढे पन्नास वर्षे खपली, तरी वादकाचा तिच्याशी संबंध त्या संध्याकाळीच संपलेला असे. पण मी पैशांविषयी बोलतच नाही. मजुरी आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मजुराच्या घरी जन्मलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, गळा गायकाचा. मग वादकाचे त्यात काय? उलट टोकाला जाऊन काही जण अलीकडे म्हणतात की, सगळे काम गोवेकरांनी केले आणि संगीतकारांनी नुसते नाव लावले. मला दोन्ही पटत नाही. सी. रामचंद्र, शंकर-जयकिशन यांची प्रतिभा उसनी नव्हती. पण गाणे हे एकट्याचे काम नसते. इमारतीचा आराखडा एकाचा, बांधकाम दुसऱ्याचे, नक्षी तिसऱ्याची. तिसऱ्याचे नाव घेतल्याने पहिल्याचे लहान होत नाही. ‘आशा’ (१९५७) मधल्या किशोरकुमारांच्या त्या धमाल गाण्यात कोकणी शब्द आले ते जॉन गोम्स या गोवेकर वादकामुळे, असे सांगितले जाते. कोणाच्या तोंडचा शब्द कोणाच्या चालीत कसा मिसळला, हे कळले तर त्या गाण्याची गोडी वाढतेच.

आणि मनात आणले तर नावे देता येतात, याचा पुरावाही आहे. १९६८ साली शंकर-जयकिशन यांनी ‘रागा जॅझ स्टाइल’ नावाची तबकडी काढली. अकरा राग जॅझच्या अंगाने. त्यात सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, पियानोवर लुसिला पाचेको आणि तबल्यावर रमाकांत होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. एक तबकडी ऐकताना तोडी कोणी छेडली आणि तिला उत्तर कोणी दिले, हे सांगता येते. मग बाकीच्या हजारो गाण्यांनी काय पाप केले होते?

तिसरा आक्षेप हा की, जॅझ परक्यांचे, हॉटेलात बसणाऱ्या श्रीमंतांचे. आपला त्याच्याशी संबंध काय? पण ज्या पेटीवर आपले नाट्यसंगीत वाढले, ती तरी युरोपातूनच आली. दक्षिणेने व्हायोलिन असे आपलेसे केले की, आज ते परके होते हेच कोणाला आठवत नाही. शिवाय हॉटेलात बसणारे श्रीमंत होते, वाजवणारे नव्हते. ते कुडातून चालत येत आणि मध्यरात्रीनंतर चालत परत जात. जॅझचा जन्मही वाड्यात नव्हे, वस्तीत झाला. वाजंत्र्याच्या घरात जन्मलेल्या मला जॅझ परके वाटत नाही, ते याच कारणाने.

हे लोक विसरले गेले त्याला आणखीही कारणे घडली. हॉटेलात रात्री जे वाजले ते सहसा मुद्रित झाले नाही. उपजेचे सूर सकाळपर्यंत विरून गेले. १९८० नंतरच्या काळात विजेवर चालणारी वाद्ये आली आणि मोठे वाद्यवृंद मोडत गेले. एका पेटीतून पन्नास व्हायोलिनांचा आवाज निघू लागल्यावर पन्नास माणसे घरी बसली. आज मोबाइलवर जुने गाणे लावावे, तर गायकाचे नाव दिसते, बहुधा संगीतकाराचेही. अरेंजर आणि वादक यांची जागा रिकामीच. साधन नवे आले, रीत मात्र पंगतीचीच राहिली.

मग आपण काय करावे? सरकारने पुरस्कार द्यावेत, स्मारके उभारावीत, असे मी म्हणत नाही. स्मारकांवर पाखरे बसतात. आपल्या हातातल्या साध्या गोष्टी आधी कराव्यात. मराठी विकिपीडियावर या वादकांविषयी लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने एका वादकाची माहिती पडताळून लिहिली, तरी पुढच्या मुलांची सोय होईल. मुंबई-गोव्यात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी तेथल्या वृद्ध वादकांना भेटून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. प्रत्येकाच्या खिशात आता ते यंत्र आहेच. आपल्या संगीत मंडळाने वर्षातून एक दुपार अशा गाण्यांच्या श्रवणासाठी ठेवावी आणि निवेदकाने गायकाबरोबर वादकाचेही नाव सांगावे. चित्रपटसंगीतावर लिहिणाऱ्या आपल्या थोर लेखकांनीही पुढच्या लेखात ‘मधला ट्रम्पेटचा तुकडा बहारदार’ एवढे लिहून न थांबता, तो कोणाचा हे शोधावे.

आणि एक मागणी अगदी घरची. दर वर्षी आपल्या स्नेहसंमेलनात बाहेरून वाद्यवृंद बोलावतात. कार्यक्रमपत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, गायक, निवेदक या सर्वांची नावे पदव्यांसह छापलेली असतात. ढोलकी, की-बोर्ड, ट्रम्पेट वाजवणारे मात्र ‘व सहकारी’ या दोन शब्दांत दडपलेले असतात. यंदापासून ‘व सहकारी’ हे शब्द काढून टाकावेत आणि त्या जागी पाच-सहा माणसांची पुरी नावे छापावीत, अशी विद्यार्थी प्रतिनिधींना माझी विनंती आहे. पत्रिकेत फार तर दोन ओळी वाढतील. छपाईचा खर्च तेवढाच राहील.